ऑर्डर कोणाची पाळायची?

काकू,

माझं वय ३३. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन ११ वर्षं झाली. बडोद्यातल्या एका इस्पितळात, नवजात बाळांच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. हे मकरपुऱ्याला कारखान्यात, मुलगा पहिलीत. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांचे गुडघे गेलेत. घरात दत्ताचं आहे. गुरुवार करते, जमेल तेव्हा नारेश्वरला, रंग अवधूत महाराजांच्या स्थानी जातो.

वॉर्डात सगळे म्हणतात, तुझा हात हलका. पावसाळ्यात एकदा रात्री तीनला ९०० ग्रॅमचं बाळ आलं. दोन डॉक्टर, दोन सिस्टर, कोणालाच लाइन मिळेना, म्हणजे सुई लावायला शीर सापडेना. बाळ गार पडत चाललं होतं. मी सगळ्यांना म्हटलं, जरा थांबा. वॉर्मरखाली त्याचा हात माझ्या तळव्यावर घेतला आणि नुसती बघत राहिले. मग जांभळी कॅन्युला, शिरेत घालायची बारीक नळी, एकदाच घातली. लागली. दिवाळीआधी ते बाळ घरी गेलं, १८०० ग्रॅमचं होऊन. परवा खंडेराव मार्केटात त्याच्या आईनं मला ओळखलं आणि भाजीच्या पिशव्या खाली ठेवून माझे हात धरले. सासूबाई बरोबर होत्या.

आमच्या मेट्रन म्हणतात, नवजात शुश्रूषेचा एक वर्षाचा डिप्लोमा कर, मी नाव पाठवते. महिनाअखेर मुदत आहे. माझं इंग्रजी कच्चं, पुस्तक हातात धरून जमाना झाला. सासूबाई म्हणतात, पोराला कोण बघणार? आणि ज्या सत्संगाला मी जाते तिथले भाऊ म्हणाले, ‘देवानं तुला याहून मोठ्या कामासाठी पाठवलंय. नोकरी सोड, पूर्णवेळ सेवेत ये. आज्ञा मोडलीस तर देव दिलेलं काढून घेतो.’ तेव्हापासून लाइन लावताना माझा हात कापतो.

श्रद्धा खरी असती तर भीती वाटली नसती ना, काकू? देवाची आज्ञा नेमकी कोणती, आणि ती कोणाच्या तोंडून ऐकायची?

— एक सिस्टर, बडोदा

*

चि. सौ. सिस्टर,

तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि तिसऱ्या वेळी मास्तरणीच्या खोडीप्रमाणे ओळी मोजल्या. नवऱ्याला अर्धी ओळ, दत्ताला एक, स्वतःच्या इंग्रजीला एक. सगळ्यात जास्त जागा त्या ९०० ग्रॅमच्या जिवानं खाल्ली आहे. आणि तेवढ्या भागात भीतीचा शब्द नाही. चार जण हात टेकून उभे, रात्रीचे तीन वाजलेले, आणि तू डॉक्टरांना म्हणतेस, जरा थांबा! मला कोणी एक लाख रुपये दिले तरी असं म्हणायची माझी छाती झाली नसती.

देवानं तुझ्यात काय ठेवलंय हे तू विचारलेलं नाहीस, पण प्रश्नाच्या तळाशी तेच आहे, म्हणून आधी तिथे येते. लोक म्हणतात, हात हलका. माझं मत थोडं वेगळं आहे. बाकीचे चौघे टोचत होते तेव्हा तू बघत होतीस. देणं आहे ते त्या बघण्यात. हात नंतर आला. घाईच्या क्षणी स्वतःची घाई बाजूला ठेवून समोरच्या एवढ्याशा मनगटाकडे पाहत राहणं कुठल्या कोर्सात शिकवत असतील असं वाटत नाही. पण असं बघणाऱ्या बाईला कोर्सातून पुष्कळ मिळतं, कारण काय बघायचं आणि ते का दिसतंय हे तिला कळायला लागतं. बाळ गार पडतंय हे तुला दिसलं. गार पडलं की त्याची साखर का उतरते, श्वास का बिघडतो, हेही नीट कळलं तर पुढच्या खेपेला तू कॅन्युलापर्यंत वेळ येण्याआधीच हाक मारशील.

आता आज्ञेचं.

गंमत बघ, हा प्रश्न तू मला विचारतेस! मी जन्मभर शाळेत होते. तिथे आज्ञा म्हणजे परिपत्रक, आणि परिपत्रक म्हणजे फायलीत लावायचा कागद. तू मात्र रोज आठ तास आज्ञा पाळतेस. तुमच्याकडे शब्दच तो आहे, ऑर्डर. डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिलं की तू देतेस. पण समज, लिहिताना दशांश चिन्ह एक घर सरकलं. मोठ्या माणसाला एक गोळी जास्त गेली तर एखाद वेळी निभावून जाईल, पण किलोभराच्या बाळाला दसपट डोस म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको. तेव्हा तू काय करतेस? ‘सर, एकदा बघता का?’ म्हणतेस. तोंडी ऑर्डर असेल तर परत वाचून दाखवतेस. हे आज्ञा मोडणं आहे का? उलट, न विचारता भरून टोचणारी सिस्टर आज्ञाधारक ठरत नाही, निष्काळजी ठरते. आणि उद्या चौकशी बसली तर ‘मला सांगितलं होतं’ म्हणून ती सुटत नाही. ज्या डॉक्टरला तुझ्या विचारण्याचा राग येतो त्याच्याबद्दल वॉर्डात काय बोललं जातं तेही तुला ठाऊक आहे.

मग देवाच्या नावानं आलेल्या ऑर्डरला हा नियम का नाही? तिथे तर जास्त हवा. तिथे केस पेपर नाही, सही नाही, आणि ऑर्डर आणून देणारा माणूस मध्ये उभा आहे.

गीतेचा अठरावा अध्याय घरात असेलच. सगळं सांगून झाल्यावर, ६३व्या श्लोकात, कृष्ण अर्जुनाला म्हणतो: याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. यथेच्छसि तथा कुरु. सांगणारा साक्षात भगवंत, ऐकणारा शिष्य, दोन्ही सैन्यं खोळंबलेली, आणि तरी तो निर्णय त्याच्या हातात देतो. मग दहा श्लोकांनी अर्जुन म्हणतो, करिष्ये वचनं तव, तू सांगतोस तसं करीन. आपण कीर्तनात हे दुसरं वाक्य हजार वेळा ऐकतो, पहिलं क्वचित. अर्जुनाच्या आज्ञापालनाला किंमत आहे ती मधल्या त्या विचारामुळे. तुझ्या भाऊंनी विचाराला किती वेळ दिला? आणि त्या श्लोकाला ‘नाहीतर देव काढून घेतो’ अशी धमकी जोडलेली नाही.

आपल्याच गावातली एक गोष्ट सांगते. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते, हे इथल्या पोराटोरांना माहीत असतं. पुढचं थोडं कमी माहीत असतं. १९०७च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली, त्यानंतर ते पुन्हा बडोद्याला आले आणि विष्णू भास्कर लेले नावाच्या एका मराठी योग्याला भेटले. सरदार मजुमदारांच्या वाड्यात दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं, विचार बाहेरून येताना दिसतील, त्यांना आत शिरू देऊ नका. केंब्रिजला शिकलेल्या, ज्यांच्या सभेला गर्दी लोटत होती अशा माणसानं एका साध्या मराठी गृहस्थाचं अक्षरशः ऐकलं, आणि तीन दिवसांत मन शांत झालं असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आज्ञापालन म्हणशील तर हे आज्ञापालन. पण पुढे निरोपाच्या वेळी लेल्यांनी काय केलं? त्यांनी विचारलं, तुमच्या आत जो आहे त्याच्यावर पूर्णपणे सोपवता येईल का? येत असेल, तर माझ्याकडून आणखी सूचना घ्यायची तुम्हाला गरज नाही.

एवढा मोठा शिष्य हाताशी आला होता, आणि त्यांनी सोडून दिला! हे माप घेऊन जा आणि भाऊंच्या शेजारी ठेव. त्यांना मी ओळखत नाही, ते मनानं चांगलेही असतील. तू एवढंच कर. त्यांना नम्रपणे सांग, ‘भाऊ, मी वर्षभर विचार करून सांगते, तोवर नोकरी चालू ठेवते, जमेल तशी सेवाही करते.’ आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. तुला बघता येतं. तो चेहरा समजुतीचा झाला तर त्यांच्याकडे जात राहा. आंबट झाला तर सत्संगासाठी बडोद्यात देवळं कमी नाहीत. आणि पगारातून काही रक्कम दरमहा तिकडे जात असेल (तू लिहिलेलं नाहीस, मी आपली शंका घेते, या वयात शंका घ्यायची मुभा असते), तर तीही वर्षभर थांबव.

‘याहून मोठं काम’ हा शब्द मात्र मला खटकला. ९०० ग्रॅमचं बाळ १८०० ग्रॅमचं करून आईच्या हातात देण्याहून मोठं काम कोणतं, ते त्यांनी जरा मोजून दाखवावं. तुमच्या अवधूत महाराजांचं ‘परस्परदेवो भव’, म्हणजे एकमेकांना देव माना, हे नारेश्वरला वाचलं असशील. त्यात ‘नोकरी सोडून’ असं कुठे लिहिलंय? आणि पुढल्या वेळी गेलीस की मातृशैलापाशी, महाराजांच्या आईच्या स्मारकापाशी, जरा थांब. घर सोडलेल्या त्या माणसानं आईला सोडलं नव्हतं. तिला तिथे जवळ ठेवून घेतलं होतं.

आता भीती. श्रद्धा असती तर भीती वाटली नसती, हे तुला कोणी सांगितलं? अर्जुनापेक्षा नेमबाज कोण होता? त्याच्या हातातून धनुष्य गळत होतं, अंगाला कंप सुटला होता, तोंडाला कोरड पडली होती. देणं काढून घेतलं होतं का त्याचं? प्रसंग मोठा होता म्हणून हात कापला, एवढंच. तुझा हात कापतो त्याचं कारण मला तर सरळ दिसतं: टोचताना तू आता मनगटाकडे बघत नाहीस, देव काढून घेतोय का ते बघतेस. दोन ठिकाणी डोळा ठेवला की तवाही करपतो. पुढच्या वेळी हात कापला तर बाजूच्या सिस्टरला सांग, ‘तू लाव, मी धरते.’ त्यात कमीपणा नाही. चार दिवसांत परत बसेल. महिना झाला तरी नाही बसला, तर मात्र स्वतःच्याच इस्पितळात एखाद्या डॉक्टरला दाखव. थायरॉइडनंही हात कापतात, आणि रात्रपाळीनंतर उपाशीपोटी चार कप चहा घेतला तरी कापतात. सगळं देवावर ढकलू नये.

आता तुला जे आवडणार नाही ते सांगते. भाऊ आणि सासूबाई यांच्या आड तूही थोडी लपली आहेस. इंग्रजी कच्चं, पुस्तक सुटलं, पोर लहान. तिन्ही खरं आहे. पण भाऊंनी हे सांगितलं नसतं तरी तू फॉर्म भरला असतास का? मनाशी उत्तर दे, मला कळवू नकोस.

तुकोबांच्या स्वप्नात नामदेव आले, बरोबर पांडुरंग, आणि काम सांगितलं: कवित्व कर. आणि लगेच पुढे: ‘वाउगें निमित्य बोलों नको’. म्हणजे उगाच सबबी सांगू नकोस. देवाला आपली माणसं बरोबर माहीत असतात! आणि काम कसलं दिलं? नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, त्यातले उरलेले तुक्यानं पुरे करावेत. तुमच्या भाषेत सांगायचं तर नामदेवरायांनी तीनशे वर्षांनी तुकोबांना ओव्हर दिली. अमुक झालं, अमुक राहिलं, आता तू बघ. ओव्हर घेताना कोणती सिस्टर म्हणते, ‘मी लायक आहे का, आधी ठरवू द्या’? पेशंटची नावं ऐकते, सलाइन किती राहिलं ते बघते आणि कामाला लागते. लायकी पाळी संपल्यावर कळते, ती पण दुसऱ्यांना.

माझंही सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की ही बाई ओट्यावर बसून उपदेश करते. मी ३८ वर्षांची असताना मला मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. सगळ्यांना सांगितलं, देवाच्या मनात नव्हतं. लोकांनी माझ्या निरिच्छपणाचं कौतुक केलं, हळदीकुंकवाला दोन बायकांनी तर नमस्कारच केला. खरं कारण एवढंच की मला हिशेबाच्या वह्यांची धास्ती होती आणि ते कबूल करायची लाज. देवाचं नाव घेऊन मी एका रजिस्टराला घाबरले! त्याचं मला आजही वाईट वाटतं, जागा गेल्याचं नाही, नमस्कार घेतल्याचं.

तुमच्या धंद्यातल्या आद्य बाईंकडे बघ. १२ मेला इस्पितळात जिच्या तसबिरीला हार घालता ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल. १८३७ साली, सोळा वर्षांची असताना, देवानं आपल्याला सेवेला बोलावलं अशी तिची खात्री झाली. पण कसली सेवा, ते कळलं नव्हतं. घर श्रीमंत, आणि इस्पितळात काम करणं तेव्हा तिकडेही भल्या घरच्या मुलीचं लक्षण समजत नसत. आईनं आणि बहिणीनं वर्षानुवर्षं अडवलं. ती काय करत होती? घरच्यांना जाग येण्याआधी पहाटे उठून इस्पितळांचे सरकारी अहवाल वाचत होती, टिपणं काढत होती. १८५१ला जर्मनीत कायझर्सवर्थच्या संस्थेत जेमतेम तीन महिने शिकायला मिळालं. लंडनमध्ये पहिली जबाबदारीची जागा मिळाली ती १८५३ला. बोलावणं आल्यावर सोळा वर्षांनी! क्रिमियाच्या युद्धात दिवा घेऊन फिरली तो भाग सगळ्यांना पाठ असतो. पण पुढे तिनं मेलेल्या सैनिकांचे आकडे मांडून सरकारला दाखवून दिलं की जखमांपेक्षा घाणीनं आणि रोगांनी जास्त माणसं मारली, त्याची बीजं त्या पहाटेच्या टिपणांत होती. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकता इथल्या गावांच्या आणि छावण्यांच्या आरोग्यावर ती वर्षानुवर्षं लिहीत राहिली, तीही बराच काळ अंथरुणाला खिळलेली असताना.

त्या सोळा वर्षांत तिला रोज काय आज्ञा होत होती? मला वाटतं, एवढीच: आजचा अहवाल वाच.

तुझी आजची आज्ञा तुझ्या मेट्रनच्या टेबलावर पडली आहे. सही करून परत देण्याजोगी. तिला दहा वर्षं तुझा हात दिसतोय, तिचा त्यात पैशाचा लाभ नाही, उलट तू वर्षभर शिकायला गेलीस तर ड्युटीचा तक्ता लावताना तिचीच दमछाक होणार. असं असूनही ती म्हणतेय, म्हणजे तिचं म्हणणं भाऊंच्या म्हणण्यापेक्षा वजनदार आहे. हा डिप्लोमा नर्सिंग कौन्सिलनं आखलेला आहे आणि शिक्षणाचा मोठा भाग वॉर्डातच असतो, त्यामुळे तुला वाटतं तेवढं बाकावर बसावं लागणार नाही. दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे नर्सिंगची पदवी, नंतर बघू. आत्ता दोन्हींचा विचार केलास तर एकही होणार नाही. भरण्याआधी मेट्रनला तीन गोष्टी स्पष्ट विचार: ज्या संस्थेत जायचं तिला मान्यता आहे का, वर्षभर पगाराचं काय, आणि परत आल्यावर बाँड किती, म्हणजे किती काळ तिथेच काम करायचं. लाजू नकोस. ऑर्डर वाचून दाखवणं हेच.

इंग्रजीची काळजी मला सगळ्यात कमी वाटते. तू पत्रात वॉर्मर, कॅन्युला, लाइन असं लिहितेसच की. रोज रात्री केस पेपरवरची एक ओळ घरी वहीत उतरवून घे, बाळाचं नाव न लिहिता, आणि तिचा अर्थ मुलाच्या अभ्यासाच्या वेळी त्याच्या शेजारी बसून लाव. पहिलीतलं पोर आईला शिकताना बघेल, तेवढंच त्याला बरं.

सासूबाईंना मी तुझ्या पत्रातल्यासारखं आडवं येणारं माणूस मानायला तयार नाही. ‘पोराला कोण बघणार?’ हा प्रश्न आहे, नकार नव्हे. गुडघे गेलेल्या बाईला शाळेच्या रिक्षापर्यंत पोराला सोडणं म्हणजे गिरनार वाटत असेल. तेव्हा देवाची इच्छा वगैरे काही त्यांच्याकडे बोलू नकोस. वेळापत्रक घेऊन बस. रिक्षावाल्याला दारापर्यंत बोलावता येईल का, पोळ्यांना बाई किती घेईल, नवऱ्याची पाळी कोणत्या आठवड्यात कोणती. तुझ्या यजमानांनाही पत्रात अर्ध्या ओळीवर सोडू नकोस, डबा भरणं आणि गृहपाठ ही त्यांचीही सेवाच आहे. आणि सासूबाईंना एवढं विचार, खंडेराव मार्केटात त्या बाईनं माझे हात धरले तेव्हा तुम्हाला काय वाटलं? मग गप्प बस. त्यांना बोलू दे. माझा अंदाज आहे की ती गोष्ट त्यांनी एव्हाना अर्ध्या सोसायटीला सांगून झाली असेल, तुलाच काय ती सांगितलेली नाही.

नापास झालीस तर? होशील कदाचित. देवावर श्रद्धा म्हणजे देव पेपर सोडवून देईल असा करार नाही. वॉर्डात तुमचं प्रत्येक बाळ वाचतं का? तरी पुढच्या बाळासाठी हात तसेच धुता ना, बोटांच्या बेचक्यांतून, अंगठ्यापासून मनगटापर्यंत, पहाटे चारला, बघायला कोणी नसताना? तुझी श्रद्धा मी तिथे धरते. गुरुवार केलास की नाही ते तुझं आणि दत्ताचं.

फॉर्म भरलास की मला कळवायची गरज नाही. मुदत महिनाअखेर म्हणतेस, तर शेवटच्या दिवसावर ठेवू नको. सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स, फोटो, रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण झालंय ना ते आजच बघ, यातलं एक तरी हमखास सापडत नाही. या आठवड्यात रात्रपाळी असेल तर गुरुवारी नारेश्वरला धावू नकोस. घरीच दिवा लाव आणि झोप.

तुझी,
काकू